लाल पट्ट्याचे आणि पिवळ्या पट्ट्याचे

जालन्याहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जालन्यापासून वीसेक किलोमीटरांवर वसलेल्या आमच्या बदनापुरात राजकीय पक्ष इतरत्र आहेत तितकेच आहेत, आणि एकातून निघून दुसऱ्यात जाणे व यथावकाश पुन्हा पहिल्यात परतणे हे अलीकडे इतके सुलभ झाले आहे की पक्षांतर हा विषय पारावरच्या गप्पांतूनही हद्दपार झाला आहे. परंतु जिच्यात तह नाही, तडजोड नाही, आणि जी एकदा पत्करल्यावर कर्ज काढल्यावाचून बदलता येत नाही, अशी निष्ठा कोणास पाहावयाची असेल तर त्याने ती येथील लग्नाच्या छायाचित्रकारांत पाहावी. गळ्यातील पट्ट्यावर लाल खूण असेल तो कॅननचा, पिवळी असेल तो निकॉनचा. तिसरा पट्टा घालून फिरणारा मनुष्य बाहेरगावचा तरी असतो किंवा नुकताच या धंद्यात पडलेला तरी असतो.

ही निष्ठा आंधळी आहे असा समज होण्याचा संभव आहे, म्हणून तिचे अर्थशास्त्र आधी सांगितले पाहिजे. ज्यास लोक ‘डीएसएलआर’ म्हणतात तो कॅमेरा दोन भागांचा असतो, एक बॉडी व दुसरी लेन्स. पैकी बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स मात्र सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे चालते, आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसत नाही. विशीतला पोरगा मामाच्या ओळखीने, पतपेढीच्या कर्जाने, पहिला कॅमेरा घेतो, तेव्हा आपण कोणत्या सनदेवर सही करीत आहोत याची त्यास कल्पना नसते. कॅमेऱ्याबरोबर आलेली ‘अठरा-पंचावन्न’ अपुरी पडते म्हणून तो ‘फिफ्टी’ घेतो, लांबून मारता यावे म्हणून ‘सत्तर-दोनशे’ची स्वप्ने पाहू लागतो, मग फ्लॅश येतो, जादा बॅटरी येते, आणि पाहता पाहता त्याची सर्व जंगम मालमत्ता एकाच माउंटला, म्हणजे बॉडीच्या लेन्स बसविण्याच्या तोंडाला, अडकून बसते. त्यानंतर आपल्या कंपनीच्या थोरवीविषयी तो जे काही बोलतो त्यास मत म्हणणे बरोबर होणार नाही. ते तारणखताचे प्रकट वाचन होय.

कंपन्यांनीही या बंदोबस्तात कसूर ठेवलेली नाही. निकॉनची लेन्स समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून बसवावी लागते, कॅननची काट्यांच्या दिशेने; झूमचे कडेही एकाचे जिकडे फिरते त्याच्या विरुद्ध दुसऱ्याचे. श्राद्धकर्मात सव्य-अपसव्याचा जो कटाक्ष पाळतात त्याहून हा कटाक्ष कडक आहे, कारण तेथे चूक झाली तर भटजी सांभाळून घेतात, येथे कोणी घेत नाही. निकॉनवाल्याच्या हाती ऐन वेळी कॅनन दिला तर तो नवरीचा चेहरा जवळ आणावयास जातो आणि झालरीसकट अख्ख्या मंडपाचे दर्शन घडवितो.

या शीतयुद्धास प्रत्यक्ष संगराचे स्वरूप येते ते लग्नसराईत. मुलाकडचा शूटिंगवाला वेगळा आणि मुलीकडचा वेगळा अशी रीत आमच्या भागात पडून गेली आहे, आणि दोन्ही पक्षांनी एकाच पट्ट्याचा माणूस आणावा इतका योग पत्रिकेत क्वचितच जुळतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, महिना वैशाखाचा, पत्र्याच्या मंगल कार्यालयात पंखे असून नसल्यासारखे, अशा समयी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस हे दोन सेनापती आपापले लाइटवाले, वायर धरणारे आणि खुर्चीवर उभे राहून वरून धरणारे असे सैन्य घेऊन मोर्चे बांधतात. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत उजाडतो, दुसऱ्याचे कोपर पहिल्याच्या फोटोत वराच्या बाशिंगाशेजारी कायमचे नोंदले जाते, आणि मागे बसलेल्या पाचशे वऱ्हाड्यांना अक्षता टाकण्याकरिता सहा पाठींखेरीज दुसरे लक्ष्य उरत नाही. अंतरपाट दूर होताच वधूवरांनी परस्परांचे मुखावलोकन करावे असा शास्त्रसंकेत आहे. बदनापुरात ती दोघे प्रथम डावीकडे निकॉनकडे, मग उजवीकडे कॅननकडे पाहतात. परस्परांचे दर्शन त्यांस अल्बम आल्यावर होते. मंगळसूत्र तर दोनदा बांधले जाते. भटजींनी याला पूर्वी हरकत घेतली होती असे म्हणतात, परंतु ‘एक मिनिट, काका’ या वाक्यापुढे वेदांचेही काही चालत नाही हे त्यांनी आता ओळखले आहे.

दोन्ही बाजूंचा मुख्य वाद वर्णाचा आहे. कॅननमध्ये कातडीचा रंग गोड येतो, निकॉनमध्ये पिवळट पडतो, असे लाल पट्ट्याचे म्हणणे; निकॉनमध्ये शालूच्या जरीचा तार अन् तार मोजून घ्यावा, कॅननमध्ये सगळे मऊ पिठासारखे होते, असे पिवळ्या पट्ट्याचे प्रत्युत्तर. हा वाद टोकियोपर्यंत नेण्याजोगा आहे, परंतु येथे त्याचा निवाडा ज्या न्यायासनापुढे होतो तेथे मावशी बसलेल्या असतात. “पोरगी गोरी दिसली पाहिजे, बाकी काय बी करा,” असा त्यांचा हुकूमनामा सुटतो, आणि मग दोन्ही पंथांची सर्व छायाचित्रे एकाच संगणकावर, एकाच डिझाइनवाल्याकडे जाऊन इतकी गोरी होतात की त्यांतून कॅननचा गोडवाही जातो आणि निकॉनची जरही जाते. मागे मंडपाची कनात असते तिच्या जागी स्वित्झर्लंडचा बर्फ येतो. दुधना नदीच्या काठी जन्मलेली, उसाच्या रसवंतीपलीकडे बर्फ न पाहिलेली करवली त्या हिमशिखरांसमोर घामाघूम उभी असलेली मी पुष्कळ अल्बमांतून पाहिली आहे.

या दोन घराण्यांचा पूर्वेतिहास चाळला असता मात्र या वैराची मोठी गंमत वाटते. निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन, ही १९१७ सालची. दुर्बिणी आणि पाणबुड्यांतील पेरिस्कोप घडविणारी, मातब्बर, सरकारदरबारी वजन असलेली पेढी. कॅननचा उगम त्यामानाने गरिबीचा. गोरो योशिदा नावाच्या एका हुन्नरी गृहस्थाने जर्मनीचा महागडा लायका कॅमेरा उघडून पाहिला, आत पितळ, ॲल्युमिनियम, लोखंड आणि रबर यांखेरीज काही सापडले नाही, आणि एवढ्या सामानाला एवढी किंमत कशी, या संतापातून १९३३ साली टोकियोत एक छोटी प्रयोगशाळा निघाली. पुढे ही कंपनी ज्यांच्या हाती आली ते ताकेशी मिताराई हे पेशाने प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर होते. तेव्हा डॉक्टरकी सोडून भलत्याच धंद्यात पडणे ही काही केवळ आपल्याकडच्या पुढाऱ्यांची मिरास नव्हे. पहिल्या नमुन्याच्या कॅमेऱ्यास १९३४ साली नाव दिले ते करुणेच्या बोधिसत्त्वाचे, क्वानोन असे. आणि चिन्हात सहस्रबाहू मूर्ती घातली. हा बोधिसत्त्व म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला अवलोकितेश्वर पद्मपाणीच. अर्थात कॅननवाल्यांचे कुलदैवत बदनापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. ते तेथे जातातही, पण प्री-वेडिंगसाठी डोंगर पाहावयास. लेण्यात फ्लॅश चालू देत नाहीत म्हणून आत शिरत नाहीत.

खरी मौज पुढेच आहे. १९३६च्या सुमारास कॅननचा पहिला कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्या कंपनीला लेन्स करता येत नव्हती, आणि ती पुरविली निप्पॉन कोगाकूने. तर निप्पॉन कोगाकूचा स्वतःचा पहिला निकॉन कॅमेरा निघावयास १९४८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या अनुयायांमध्ये आज बोलाचाल नाही त्यांची मुळात अशी सोयरीक होती. ही हकीकत मी गावातील दोन्ही पक्षांच्या धुरीणांस मुद्दाम सांगून पाहिली. “म्हणजे डोळा आमचाच होता,” असे निकॉनवाला म्हणाला. “अहो काका, पण तवा त्यांना कॅमेरा तरी करता येत होता का?” असे कॅननवाला म्हणाला. दोघांचेही म्हणणे ऐतिहासिक दृष्ट्या निर्दोष असल्यामुळे समेटाची ती बोलणी तेथेच फिसकटली.

स्वभावही दोन घराण्यांचे भिन्न. निकॉनने १९५९ साली जो माउंट घातला तोच डिजिटल युगातही चालू ठेवला. आजोबाची लेन्स नातवाच्या कॅमेऱ्यास बसावी, असा त्या घरचा एकत्र कुटुंबाचा बाणा. कॅननने १९८७ साली एका फर्मानाने जुना माउंट रद्द केला आणि जुन्या लेन्सवाल्या रयतेस रातोरात बेदखल केले. शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण लेन्सच्या पोटातच मोटर बसविण्याचा तो निर्णय पुढे फळला. उलट निकॉनने वडिलोपार्जित लेन्स बसू तर दिल्या, परंतु २००६ सालच्या डी-४० पासून आपल्या स्वस्त कॅमेऱ्यांतून फोकसची मोटरच काढून टाकली. त्यामुळे आजोबाची लेन्स नातवाच्या घरी आली, ऐसपैस बसली, पण डोळे मिटून. फोकस हाताने करावा लागे, आणि वरमाला काही हाताच्या फोकससाठी थांबत नसते.

हे सर्व खऱ्या अर्थाने आमच्या दारात आले ते २००३ साली कॅननने ‘३००डी’ हा सहा मेगापिक्सेलांचा कॅमेरा अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत विकावयास काढला आणि पुढल्याच वर्षी निकॉनने ‘डी-७०’ काढून त्यास उत्तर दिले, तेव्हापासून. तोवर डिजिटल एसएलआर ही संस्थानिकांनी पाळावयाची वस्तू होती. कोडॅकने १९९१ साली निकॉनच्याच बॉडीवर जो पहिला बाजारी नमुना बांधला होता त्याचे साठवणीचे यंत्र वेगळे खांद्याला लटकवावे लागे, आणि एवढे ओझे वाहून छायाचित्र मिळे ते सव्वा मेगापिक्सेलचे. बदनापुरातील कर्जदारास परवडेल असा कॅमेरा निघताच सचिन तेंडुलकर कॅननच्या जाहिरातीत दिसू लागला, आणि प्रश्न मिटलाच असे वाटत असताना निकॉनने प्रियांका चोप्रास पुढे केले. त्या पेचात गावातील कित्येक तरुणांची मने दुभंगलेली मी पाहिली आहेत.

‘३००डी’वरून आठवले. हाच कॅमेरा अमेरिकेत ‘रेबेल’ आणि जपानात ‘किस’ या नावाने विकला गेला. आपल्याकडे नुसता आकडा ठेवला ही कंपनीची मोठी दूरदृष्टी म्हणावयाची. नाहीतर ‘किस’ हातात घेऊन हळदीच्या घरात शिरणाऱ्याची वरात वऱ्हाडाआधी निघाली असती.

पण हे आकडे! एक-डी सर्वांत महाग, पाच-डी त्याखालोखाल, मग पन्नास-डी, मग पाचशे-डी, आणि हजार-डी सर्वांत स्वस्त. निकॉनकडेही डी-३ राजाचा, डी-३०० सरदाराचा आणि डी-३००० शिपायाचा. आकडा लांबला की माल हलका, हा व्यवहार महसूल खात्यात हयात घालविलेल्या मनुष्याच्याही ध्यानी चटकन येत नाही. वास्तविक वस्तूंना आकड्यांनी ओळखण्याची विद्या बदनापुरास नवी नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आमच्याच गावी आहे आणि गावाच्या इंग्रजी नावातील तीन अक्षरे लावून तेथे निघालेली तूर दूरदूरच्या शिवारांत पेरली जाते: बीडीएन २, बीडीएन ७०८, बीडीएन ७११, बीडीएन ७१६. परंतु या आकड्यांमागे काही इमान आहे. ७११ म्हटली की दाणा पांढरा, दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत काढणीला, मर आणि वांझ या रोगांना दाद न देणारी. ७१६ म्हटली की दाणा लाल. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे शिवारात उभे राहून एक वाण काढावा, आणि तिकडे टोकियोत दर फाल्गुनात एक बटण डावीकडून उजवीकडे नेऊन नवा आकडा काढावा, यांतला फरक आमच्या शेतकऱ्यास कळतो. कॅननने २०१५ साली ७५०डी आणि ७६०डी अशी दोन जुळी एकाच वेळी काढली होती, तेव्हा एका ओट्यावर झालेला हा संवाद मी कानांनी ऐकला आहे.

“आबा, सातशेसाठ आलीय. घ्यावी म्हणतो.”

“सातशेअकरा ऐकली, सातशेसोळा ऐकली. ही कधी काढली? एकरी उतारा काय?”

“एकरी नाही, लग्नामागं. पंधरा हजार.”

“अन् मर येते का?”

“लाखभर क्लिक झाले की शटर जातं.”

“मग आपली सातशेअकराच बरी,” म्हणून म्हाताऱ्याने विषय मिटविला. पोराने पुढे ‘सातशेसाठ’ घेतली, ती तुरीच्याच पैशांवर.

मेगापिक्सेलांची चढाओढ हा याहून खर्चाचा प्रकार. २०१२च्या वसंतात निकॉनने डी-८०० काढून ३६ मेगापिक्सेलांची तोफ डागली. कॅननचा त्याच हंगामातील फाइव्ह-डी मार्क थ्री बावीसवरच होता, त्याचा वचपा काढावयास कॅननला २०१५ सालच्या पन्नास मेगापिक्सेलांपर्यंत थांबावे लागले. याच २०१२च्या वर्षी जालना जिल्ह्यात पाऊस रुसला, विहिरी आटल्या, आणि ज्या मोसंबीच्या भरवशावर येथील लग्ने ठरतात ती टँकरच्या पाण्यावर जगविण्याची पाळी आली. कित्येकांनी बागांवर कुऱ्हाड चालविली. त्या सराईत फोटोवाल्यांच्या दारी छत्तीसही नव्हते आणि बावीसही नव्हते. लग्ने लांबली, झाली ती सामुदायिक झाली, आणि पंचवीस जोडप्यांचा मिळून एक फोटो निघाला. जागतिक बाजारपेठेची सूत्रे टोकियोतून हालतात असे अर्थतज्ज्ञ म्हणतात. निदान बदनापुरापुरती ती मृगाच्या नक्षत्राकडे आहेत.

पाऊस चांगला झाला तरी एवढ्या मेगापिक्सेलांचे करावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. अल्बमच्या बारा बाय छत्तीस इंची पानावर एकच छायाचित्र छापले तर ते सारे उपयोगी पडतील. पण त्या पानावर आत्याबाई, त्यांचे यजमान, आहेराची भांडी, घोड्यावरचा नवरदेव, घोड्याखालचा नाचणारा मित्रपरिवार आणि पाच ठिकाणी गुलाबाच्या पाकळ्या यांची वस्ती असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्यास जमीन तुकडेबंदी कायद्यालाही नापसंत पडेल इतकीच येते. चौकातील वाढदिवसाच्या फ्लेक्सवर छायाचित्र दहा फुटांचे होते खरे, परंतु ते जाणाऱ्या बसमधून पाहावयाचे असते. उरलेला सर्व माल व्हॉट्सॲपवर जातो, जेथे नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या फोटोत चोविसांपैकी दोनही मेगापिक्सेल पोहोचत नाहीत. हैदराबादच्या निजामाने ज्यांना मुसव्विर जंग हा किताब दिला ते राजा दीनदयाळ, हा मुलूख त्या संस्थानात असताना, काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे काढीत. ती आजही पाहिली तर दगडाची रेघ न् रेघ मोजता येते. त्यांस मेगापिक्सेल विचारणारा मुलाचा मामा कधी भेटला नसावा.

दोन हत्तींच्या या झुंजीत मधले सारे चिरडले गेले. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्याचे बिऱ्हाड आवरून सोनीच्या स्वाधीन केले. पेंटॅक्सचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात दत्तक जात राहिले. ऑलिंपसने २०२० साली कॅमेऱ्याचा व्यवसाय विकावयास काढला. आणि १९७५ साली जगातला पहिला डिजिटल कॅमेरा आपल्याच प्रयोगशाळेत बांधणाऱ्या कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांतील संवेदक तर सोनीच्याच कारखान्यात घडलेले. घरातला मुदपाकखाना आपण ज्याच्या हाती दिला तो उद्या गादीवर बसेल, ही शंका निकॉनला यावयास हवी होती. मिनोल्टाचे बिऱ्हाड घेतलेल्या त्या सोनीने आरसाच नको असे ठरवून २०१३ साली ए-सेव्हन काढला. डीएसएलआरच्या पोटात पंचेचाळीस अंशांत उभा असलेला जो आरसा लेन्समधून आलेला उजेड वर डोळ्याकडे पाठवितो आणि बटण दाबताच ‘खटॅक्’ करून बाजूस सरतो, त्याच्यासकट सारा वाडा पाडून टाकण्यात आला. पाच वर्षांनी, २०१८ साली, निकॉन आणि कॅनन दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने मुकाट्याने त्याच वाटेने गेले, आणि २०२० नंतर दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. ज्या मुद्द्यावर आमच्या गावात भावाभावांत वितुष्ट आले, त्याची फिर्याद वरच्या कोर्टात कोणी न कळविता मागे घेतली.

बदनापुरातही आता जुन्या बॉड्या अर्ध्या मोलाने विकल्या जात आहेत आणि घेणारा पहिला प्रश्न ‘शटर काउंट किती?’ असा करतो. वधूचे वय विचारण्यात जी सावधगिरी लोक बाळगतात ती येथे बाळगली जात नाही. दोन्ही पंथांच्या धुरीणांनी गेल्या सराईत नवे बिनआरशाचे कॅमेरे आणले, आणि त्यातून एक अकल्पित आपत्ती उद्भवली. हे कॅमेरे मूक पद्धतीवर ठेवले तर मुळीच आवाज करीत नाहीत. एका लग्नात नवरीच्या आजोबांनी तासभर निरीक्षण करून भर पंगतीत जाहीर केले की, हा पोरगा सकाळपासून नुसताच डोळ्याला डबा लावून फिरायलाय, एक फोटू काढला असेल तर शपथ. आणि ठरलेल्या रकमेतून निम्मी कापण्याचा हुकूम दिला. फोटो दाखविले, तारखा दाखविल्या, वेळा दाखविल्या; आजोबांचे म्हणणे एकच, की आम्ही पैसे आवाजाचे मोजतो. तेव्हापासून गावातील सर्व कॅमेऱ्यांची मूक पद्धती बंद करण्यात आली आहे.

परवा एका मंडपात हे दोघे जुने प्रतिस्पर्धी अंतरपाटाच्या दोन बाजूंस नेहमीप्रमाणे उभे होते. दोघांच्या हातांत सोनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच दुकानातून घेतलेले कॅमेरे होते, फक्त पट्टे जुनेच राहिले होते.

“तुझा आवाज जरा निकॉनसारखा येतोय,” लाल पट्ट्याचा म्हणाला.

“म्हणून तर घेतला,” पिवळ्या पट्ट्याचा म्हणाला. “तुझा कामून बसल्यावानी येतोय?”